सणाचा बाजार आणि खिशाची राखण

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की घराघरांतून दिवाळीच्या याद्या होऊ लागतात. चकलीची भाजणी, करंजीचा रवा, मुलांचे कपडे, भाऊबीजेची साडी, पणत्या, उटण्याच्या पुड्या, किल्ल्यावर मांडायचे मावळे. एकेक जिन्नस यादीत चढत जातो, आणि एरवीही गजबजलेले रस्ते या पंधरवड्यात माणसांनी ओसंडू लागतात. मुंबईचा रानडे रस्ता, पुण्याची तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता, नागपूरची सीताबर्डी, कोल्हापूरचा महाद्वार रस्ता या ठिकाणी त्या दिवसांत पाऊल टाकायलाही जागा उरत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी कुटुंबे हीच खरेदी इंदूरच्या राजवाड्यापाशी, बडोद्याच्या मांडवीत, हैदराबादच्या सुलतान बाजारात किंवा दिल्लीच्या चांदणी चौकात करतात. शहर बदलले, भाषा बदलली, तरी सणाच्या बाजाराचे रूप बदलत नाही. आणि त्या बाजारात न बोलावता येणारा एक पाहुणाही सगळीकडे सारखाच असतो. तो म्हणजे खिसेकापू.

त्याच्या दृष्टीने ही सुगीच आहे. वर्षभर बँकेत राहणारा पैसा याच दिवसांत खिशात येतो. कामगाराचा बोनस, पेन्शनीतून साठवलेले चार पैसे, मुलीच्या पहिल्या दिवाळसणासाठी बाजूला काढलेली रक्कम हे सारे याच गर्दीतून वाट काढीत असते. सुस्थितीतल्या माणसाचे पाकीट गेले, तर त्याला दोन दिवस हळहळ वाटते. पण महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरातले तेच पाकीट गेले, तर मुलांचे कपडे राहतात, आणि ज्याच्या हातून ते गेले तो माणूस सणभर अपराध्यासारखा वावरतो. म्हणून या विषयाचा विचार सणाच्या तयारीचाच एक भाग समजला पाहिजे.

गर्दीतली चोरी ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात तिच्यासाठी स्वतंत्र शब्द आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘ग्रंथिभेद’ करणाऱ्या चोराला दंड सांगितला आहे. ग्रंथी म्हणजे गाठ. वस्त्राच्या टोकाला बांधलेली पैशांची गाठ नकळत सोडवून नेणारा तो ग्रंथिभेदक. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही त्याचा उल्लेख तीर्थक्षेत्री चोरी करणाऱ्यांच्या जोडीने आला आहे. जिथे माणसे श्रद्धेने किंवा आनंदाने एकत्र जमतात आणि स्वतःला विसरतात, तिथे हा चोर पोचतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनाही ठाऊक होते.

आणि त्यावरचे उपायही आपल्या लोकांनी फार पूर्वीच शोधून ठेवले होते. बाजारहाटाला निघालेली बाई पैसे कनवटीला लावून निघे. व्यापारी कमरेला कसा बांधी. शिंपी बंडीच्या आतल्या अंगाला एक खिसा शिवून देई, आणि त्याला नाव मोठे गमतीचे होते: चोरखिसा. चोराला सापडू नये म्हणून चोरासारखा लपलेला तो खिसा! या तिन्ही युक्त्यांचे मर्म एकच. पैसा अंगाशी इतका लगटून असावा, की तो हलला तर अंगाला कळावे. पुढे पँटचा मागचा खिसा आला, खांद्यावर लोंबणारी पर्स आली, पाठीवरची पिशवी आली, आणि पैसा हळूहळू डोळ्यांआड, स्पर्शाआड गेला. सोय वाढली, पण राखण सुटली.

खिसेकापू नेमका काय करतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्यापासून बचाव करता येत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते, की त्याची सारी करामत बोटांत असते. बोटे तर चपळ असावीच लागतात. पण त्याचे खरे भांडवल म्हणजे समोरच्या माणसाचे अवधान. मनुष्याचे अवधान हे एखाद्या बॅटरीच्या झोतासारखे असते. झोत जिथे पडेल तिथे लख्ख दिसते, आणि त्याच्या बाहेर काळोख असतो. १९९९ साली डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसे एकमेकांकडे चेंडू टाकीत आहेत असे चित्रण लोकांना दाखविले, आणि चेंडू किती वेळा टाकला गेला ते मोजायला सांगितले. चित्रण चालू असताना गोरिलाचा वेष घेतलेली एक व्यक्ती त्या खेळणाऱ्यांच्या मधून चालत गेली. मोजणीत गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही!

डोळ्यांसमोरून गेलेला गोरिला जर दिसत नाही, तर पाठीमागे पर्सची चेन उघडणारी दोन बोटे कशी जाणवावीत? कापडाचा पोत पाहणे, भावाची घासाघीस करणे, सुट्या पैशांचा हिशेब करणे, मुलाचा हात धरून ठेवणे ही सारी कामे त्या चेंडूच्या मोजणीसारखीच आहेत. त्यांत मन गुंतले, की उरलेले शरीर निराधार होते. जादूगार नाणे अदृश्य करताना एका हाताकडे पाहायला लावतो आणि दुसऱ्या हाताने काम उरकतो. खिसेकापूची विद्या त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की जादूगार शेवटी नाणे परत करतो.

हे काम बहुधा एकटा माणूस करीत नाही. एक जण वाट अडवितो. वाकून पडलेली वस्तू उचलतो किंवा चालता चालता एकदम थांबतो. दुसरा मागून धक्का देतो. त्या धक्क्याच्या मोठ्या स्पर्शात तिसऱ्याचा लहानसा स्पर्श बुडून जातो. काढलेली वस्तू क्षणात चौथ्याच्या हाती जाते आणि तो चालू लागतो. म्हणून, ज्याचा संशय आला त्याची झडती घेतली तरी हाती काही लागत नाही. ही साखळी ज्या जागी सहज जुळते त्या जागा ठरलेल्या आहेत: बसचा दरवाजा, लोकलचा डबा, रेल्वेचा पूल, दुकानाचे अरुंद दार, सवलतीच्या मालाभोवतीचे कोंडाळे आणि पैसे चुकते करण्याची रांग. या प्रत्येक ठिकाणी धक्का लागणे स्वाभाविक वाटते, आणि प्रत्येक ठिकाणी मन दुसरीकडे असते.

काही युक्त्या मात्र धक्क्यावाचून चालतात. खांद्यावर काहीतरी घाण पडली आहे असे एखादा सभ्य गृहस्थ सांगतो, पुसायला पाणीही देतो. पुसण्याकरिता खाली ठेवलेली पिशवी तेवढ्यात नाहीशी होते. मोटारीच्या चाकाशी नोटा पडल्या आहेत असे कोणी दाखवितो. चालक उतरून पाहतो, तोवर पलीकडच्या दारातून बॅग जाते. आणखी एक युक्ती विशेषतः वृद्ध स्त्रियांना फसवणारी आहे. साध्या वेषातले दोघे रस्त्यात भेटतात, आपण पोलीस आहोत असे सांगतात. ‘पुढे गडबड झाली आहे आजी, एवढे दागिने घालून कुठे निघालात? काढून कागदात बांधून ठेवा,’ असे मायेने बजावतात, पुडी बांधायला मदतही करतात. घरी जाऊन पुडी उघडावी, तो आत खडे. येथे एक गोष्ट कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे: खरा पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढायला लावून त्यांची पुडी बांधून देत नाही. असे सांगणारा भेटला, की दागिन्यांना हात न लावता जवळच्या दुकानात शिरावे आणि मोठ्याने बोलून चार माणसांना बोलवावे.

मंगळसूत्र किंवा साखळी हिसकावून नेणाऱ्यांची रीत याहून निराळी. ते गर्दीत येत नाहीत. गर्दी जिथे संपते तिथे थांबतात. खरेदी आटोपून दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली स्त्री शांत गल्लीत वळते, आणि मागून मोटारसायकल येते. म्हणून अशा रस्त्याने जाताना शक्यतो समोरून वाहने येतील अशा बाजूने चालावे, पिशव्या एकाच हातात घ्याव्यात आणि पदर किंवा ओढणी गळ्याभोवती घ्यावी. हिसका बसलाच, तर ओढाताण मात्र करू नये. सोने पुन्हा होते. पण धावत्या वाहनामागे फरपटत गेलेले शरीर पूर्ववत होईलच असे नाही.

मग चोर ओळखावा तरी कसा? फाटक्या कपड्यांवरून, बोलीवरून की जातीवरून? या मार्गाने जाणे अन्यायाचे आहे, आणि व्यवहारातही निरुपयोगी आहे. इंग्रजी राज्याने १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसायला फार काळ लागला. मराठी भाषाही त्यातून सुटलेली नाही. ‘उचल्या’ हा शब्द चोराला लावला जातो, आणि तेच एका जमातीचे नाव आहे. त्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच नावाने आपले आत्मचरित्र लिहिले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संशयाच्या छायेखाली जगणे म्हणजे काय, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखविले. शिवाय, कसबी खिसेकापू गर्दीत उठून दिसेल असा वेष करीतच नाही. तो नीटनेटका असतो, त्याच्याही हातात खरेदीची पिशवी असते. चेहरे पारखण्यात शक्ती घालवण्यापेक्षा आपली वस्तू राखण्यात घालवावी, हेच शहाणपणाचे.

ही राखण बाजारात पोचल्यावर सुरू होत नाही. ती घराच्या उंबरठ्याच्या आत सुरू होते. कारण बाजारात मन गुंतणार हे ठरलेलेच आहे. तेव्हा मन गुंतले तरी नुकसान होणार नाही, किंवा झाले तरी थोडेच होईल, अशी मांडणी आधी करून निघावे. प्रथम यादी करावी आणि खर्चाचा अंदाज बांधावा. मग त्या बेताचेच पैसे घ्यावेत. ते एके ठिकाणी न ठेवता विभागावेत. मोठी रक्कम आतल्या खिशात, म्हणजे जुन्या चोरखिशात. किरकोळ खर्चाचे पैसे वरच्या, सहज हाती येणाऱ्या पाकिटात. भाजीवाल्यासमोर सगळी गड्डी बाहेर काढण्याची पाळी येऊच नये. नोटांची गड्डी पाहून ती कुठल्या खिशात परत गेली हे टिपणारे डोळे जवळपास असू शकतात. घराची किल्ली आणि पत्ता असलेले ओळखपत्र एकाच पर्समध्ये कधीही ठेवू नये. पर्ससोबत तीही गेली, तर चोराला घराचा पत्ता आणि प्रवेश दोन्ही मिळतात. अशा वेळी कुलूप त्याच दिवशी बदलणे भाग आहे. दागिन्यांची हौस लक्ष्मीपूजनाला भागवावी. खरेदीच्या दिवशी साधेच असावे.

बाजारात गेल्यावर थोडे नियम पुरतात. पर्सचा पट्टा खांद्यावरून तिरका घ्यावा आणि पर्स पोटाशी असावी. चेनचे तोंड अंगाकडे. पाठीवरची पिशवी गर्दीत छातीवर घ्यावी. पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ ही पाटी वाचली, की माणूस नकळत आपले पाकीट चाचपतो, आणि पाकीट कोठे आहे हे पाहणाऱ्याला कळते. तो मोह आवरावा. कपडे घालून पाहताना पर्स बाहेर टांगू नये. खाण्याच्या गाडीपाशी पिशवी पायांशी ठेवावी लागली, तर तिच्या पट्ट्यात पाय अडकवावा. कुटुंब बरोबर असेल, तर एक युक्ती फार उपयोगी पडते: एकाने खरेदी करावी आणि दुसऱ्याने फक्त लक्ष ठेवावे. दोघेही साडीचा काठ पाहू लागले, की राखणदार उरत नाही. आणि कोठेही अचानक कोंडी झाली, धक्का बसला किंवा कोणी अकारण सलगी करू लागले, तर तो इशारा समजून आधी हात पर्सवर ठेवावा, मग काय झाले ते पाहावे.

आता पाकिटापेक्षाही मोलाची झालेली वस्तू म्हणजे मोबाईल फोन. २०१६ साली यूपीआयची व्यवस्था आली, आणि पणतीवालीपासून सराफापर्यंत सर्वत्र फोनवरून पैसे देण्याचा प्रघात पडला. रोख रक्कम कमी बाळगावी लागते, हा त्याचा मोठाच लाभ. परंतु पूर्वी पाकीट गेले तर त्यातले पैसे जात. आज फोन गेला तर बँकेपर्यंत जाण्याची वाटच चोराच्या हाती पडते. म्हणून फोनला कुलूप असावेच, आणि त्याचा क्रमांक व यूपीआयचा क्रमांक निराळे असावेत. पैसे देताना बोटे हाताने झाकून क्रमांक दाबावा. तो पाहून मग फोन पळविणे, हा चोरीचा नवा क्रम आहे. सिमकार्डालाही स्वतंत्र क्रमांकाचे कुलूप लावता येते. ते नसेल, तर चोर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बँकेचे संदेश मिळवू शकतो. फोनला जोडलेल्या खात्यात बेताची रक्कम ठेवणे, हा तर चोरखिशाचाच नवा अवतार म्हणता येईल. आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी: पैसे देताना गुप्त क्रमांक लागतो, पैसे घेताना तो कधीच लागत नाही. ‘परतावा देतो, क्रमांक टाका’ असे म्हणणारा माणूस परतावा देत नसून पैसे नेत असतो.

प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली, की तो दिसतो. तो आजच एका वहीत उतरवून घरी ठेवावा. त्याच पानावर बँकेचा तक्रारीचा दूरध्वनी क्रमांकही लिहावा; कारण ज्या फोनमध्ये हे सारे साठवलेले असते, तोच गेलेला असतो.

इतकी काळजी घेऊनही चोरी होऊ शकते. त्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा. तो रडण्यात किंवा एकमेकांना दोष देण्यात घालवू नये. प्रथम जवळच्या दुकानदाराला सांगावे आणि भोवताली नजर टाकावी. पैसे काढून घेतलेले रिकामे पाकीट कित्येकदा जवळच टाकून दिलेले सापडते आणि निदान कागदपत्रे वाचतात. मग कोणाचा तरी फोन मागून बँकेला कळवावे, कार्ड आणि यूपीआय बंद करावे, आणि सिमही बंद करवावे. बँकेला कळविण्याची घाई का करावयाची, याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे दंडक घालून दिले, त्यांत असे तत्त्व आहे, की ग्राहकाने कळविल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहाराचे नुकसान बँकेने सोसावे. म्हणजे कळविण्याची वेळ हीच जबाबदारीची सीमारेषा ठरते. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पोलिसांची तातडीची मदत ११२ वर मिळते, आणि रेल्वेच्या प्रवासात १३९ वर.

त्यानंतर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवावी. नव्या भारतीय न्याय संहितेचा अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. तिच्यातील कलम ३०३ चोरीचे आहे, आणि कलम ३०४ मध्ये वस्तू हिसकावून नेणे हा प्रथमच स्वतंत्र गुन्हा मानला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. त्याच दिवसापासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, जवळच्या ठाण्यात देण्याची सोय केली आहे. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर आता पुरे पडत नाही. प्रवासात असलेल्या माणसाला याचा मोठाच आधार आहे. माहितीच्या नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळाली पाहिजे, असेही कायदा सांगतो. ती मागून घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेत, जी २०२३ साली देशभर सुरू झाली, पोलिसांतील तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक दिला, की चोरीचा फोन देशातील सर्व जाळ्यांवर बंद करता येतो. जो फोन चालतच नाही त्याला चोरबाजारात मोल नाही. म्हणून एकाने केलेली तक्रार पुढच्या दहा जणांचे फोन राखायला मदत करते. ‘गेले ते गेले, आता कोण हेलपाटे घालणार’ असे म्हणून गप्प बसणारा माणूस नकळत चोराचीच सोय करीत असतो.

एक शेवटची गोष्ट सांगणे अवश्य आहे. ‘चोर, चोर’ अशी ओरड झाली, की गर्दीचे रूप क्षणात पालटते. ज्यांचे काहीच गेलेले नाही तेही हात उगारतात, आणि मार खाणारा खरोखर चोर आहे की गोंधळून पळालेला कोणी पोरगा, हे पाहण्याचे भान राहत नाही. पकडलेल्या माणसाला धरून ठेवावे आणि विनाविलंब पोलिसांच्या हवाली करावे, एवढाच नागरिकाचा अधिकार. शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे. नव्या संहितेत तर पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत, पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्या माणसाने वस्तू किंवा तिचे मोल परत केले, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. कायदा ज्याला सुधारण्याची संधी देतो, त्याचा जीव रस्त्यावर घेतला जाऊ नये.

गर्दीचा चांगला उपयोगही आहे. शेजारच्या बाईची पर्स उघडी राहिलेली दिसली, तर ‘ताई, चेन लावा’ एवढे तीन शब्द पुरतात. दुकानदाराने गिऱ्हाइकाला पिशवी जवळ घ्यायला सांगावे. तरुणाने बसमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे उभे राहावे. खिसेकापूचा सारा व्यवसाय या एका भरवशावर चालतो, की गर्दीतला प्रत्येक माणूस एकटा आहे आणि ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे. तो भरवसा जितका खोटा ठरेल, तितक्या अधिक पिशव्या भरलेल्या घरी पोचतील, आणि तितक्या अधिक घरांत पहिल्या अभ्यंगस्नानानंतर मुलांच्या अंगावर नवे कपडे चढतील.